भेट मिळालेले

गेल्या तीस दिवसांत घरात तांदूळ किती लागला?
हा प्रश्न मी चौतीस वर्षं विचारला,
देवळालीगावात, सातपूर कॉलनीत, सिडकोच्या जिन्याजिन्यांवर,
चपला दारात काढून,
मांडीवर फळी, फळीवर पत्रक.
लोक आधी पाणी देत, मग विचारत,
याचं आम्हाला काय मिळणार?
काही नाही, म्हणायचो.
खरंच काही नव्हतं.

जेल रोडला आहिररावांचं घर नमुन्यात निघालं
तेव्हा मी नवा होतो.
मालक प्रेसमध्ये.
दिवसभर कोऱ्या नोटांच्या थप्प्या मोजून
सकाळी बायकोकडे बससाठी सुट्टे मागणारा माणूस.
मंदाकिनीबाई बोटांवर बोलायच्या:
गहू बारा किलो, बाजरी पाच,
रॉकेल चार लिटर, तेही रांगेत उभं राहून,
तूरडाळ...
थांबल्या. नवऱ्याकडे पाहिलं.
दोन लिहा.

फळं?
द्राक्षं. क्रेट येतं ना पिंपळगावहून, माहेरचं.
भेट मिळालेल्या वस्तूला
चालू दराने किंमत लावावी, असं पुस्तिकेत होतं.
मी किंमत विचारली.
भावाच्या द्राक्षांना कसला हो भाव,
असं म्हणत त्यांनी वाटीच पुढे सारली.
रकान्यात मी आडवी रेघ मारली.
पर्यवेक्षकाने पत्रक परत पाठवलं: रेघ चालत नाही.
मग बिटको चौकातल्या गाडीवर दर विचारून आलो,
आणि भावाला भाव लागला.

पुढे पत्रकं जाड होत गेली.
बाजरी पाचाची दोन झाली, मग थंडीपुरती.
राखुंडी गेली कधी, कुणाला सांगता येईना.
शाम्पू पुडीतून आला, केबल छतावरून,
फोन आधी घराला एक, मग डोक्यागणिक.
शिकवणीला वेगळी ओळ लागली,
गुडघ्यांना आणि साखरेच्या गोळ्यांनाही.
गंगापूर रोडला एका घरी
कुत्र्याच्या खाण्याचा आकडा
माझ्या पहिल्या पगाराहून मोठा निघाला
(रुपया तेव्हा वेगळा होता, मान्य).
तोही मी त्याच अक्षरात लिहिला.

सातपूरचा एक फिटर म्हणाला,
साहेब, पैसे नव्हते तेव्हा हिशोब तोंडपाठ होता.
आता कुठे जातात ते तुम्हीच सांगा.

निवृत्तीला सात महिने उरले असताना
तेच घर पुन्हा निघालं. लॉटरीच म्हणायची.
आता फळी नाही, टॅबलेट.
मालक भिंतीवर, हार प्लास्टिकचा.
सून म्हणाली, थांबा, ॲपमध्ये बघून सांगते,
आणि सरसर वाचत गेली.
पनीर, ओट्स, दोनदा पिझ्झा, तूरडाळ दोन किलो,
द्राक्षं अर्धा किलो, एकशे दहा रुपये, घरपोच.

मागवलेली? मी विचारलं.
आणि पिंपळगावचं क्रेट?
हा प्रश्न पत्रकात नव्हता.

तिथे आता प्लॉट आहेत, सून हळूच म्हणाली.
सह्यांवरून वाजलं मामांशी.
आमचा वरचा मजला त्याच पैशातला.
राखी नाही गेली नऊ वर्षं.

मी 'भेट' वर बोट ठेवलं.
टॅबलेट रेघ घेत नाही, शून्य घेतो.
'खरेदी'त एकशे दहा.
म्हणजे फळांवरचा खर्च वाढला,
अहवालात तो सुधारणा म्हणून येईल,
आणि बेरीज करणाऱ्याची त्यात काही चूक नाही.

निघताना मंदाकिनीबाई दारापर्यंत आल्या,
चौकटीला धरून.
डाळ किती सांगितली हिने?
दोन.
दीड लिहा, म्हणाल्या.
तेव्हाही दीडच होती.

आत्ताची दुरुस्त केली.
तेव्हाची कुठे करायची, विचारावं असं
ऑफिसात कुणी उरलं नव्हतं.