डाळ शिजते तिथपर्यंत

अंजनगावहून पूर्णेकडे उतरलं
की जमीन काळी, सपाट, आणि पाणी खारट.
समुद्र नाही इथे. कधी होता का,
ते आमच्या साहेबांनाही छातीठोक सांगता येत नाही.
पण बेट आहे.
जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर,
मी त्याच्या किनाऱ्यावर येतो
भूजल खात्याची फीत, मीटर आणि वही घेऊन.

पंचफुलाबाई खंडारेंच्या विहिरीत फीत सोडतो.
बराच वेळ नुसता अंधार उलगडत जातो,
मग दिवा लागतो. साडेअकरा मीटर. लिहितो.
चिंचेपलीकडे, साठ पावलांवर,
त्यांच्या दिराची, दामूची विहीर.
पाणी तेवढंच खोल,
पण साबणाला फेस नाही,
बैल वास घेतो आणि मान फिरवतो.

बाईंचा नकाशा माझ्या नकाशाहून जुना.
लग्न होऊन आल्या त्या वर्षी
विहिरी-विहिरीचं पाणी आणून
त्यांनी तुरीची डाळ चढवून पाहिली होती.
"जेथलोक शिजली तेथलोक आपलं गोड.
टणक राह्यली का समजाचं, खारं.
याले मशीन कायले पायजे, बाप्पा?"
माझा मीटर त्यांच्याशी सहमत आहे.

मी वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवलं:
हा गाविलगड. इथे जमीन एकदा तुटली,
एक अंग खाली गेलं, एक जागीच राहिलं,
त्याला आम्ही भ्रंश म्हणतो.
डोंगरात मुरलेलं पाणी त्या भेगेतून,
दगडाच्या चुऱ्यातून चालत येतं,
वर्षाला चार-दोन हात एवढ्याच घाईनं.
तसलाच एक बारका तडा तुमच्या चिंचेखालून जात असावा.

"म्हंजे तुटलं म्हून गोड झालं?"

तसंच नाही, म्हणालो. एखादा तडा वाट होतो,
एखादा चिकणमातीनं बुजतो आणि भिंत होतो.
कधी एकच तडा दोन्ही असतो. वरून कळत नाही.
त्या काही बोलल्या नाहीत.
दोन्ही घरांत एकोणीस वर्षं शब्द नाही,
रोज सकाळी कुंपणावरून दोन कळशा मात्र जातात.

मार्चात तिरुचेंगोडची बोअरची गाडी आली.
दामूला आता कुणाची कळशी नको होती.
रात्रभर चिंच राखाडी होत गेली.
एकशेऐंशी फुटांवर कोरडं. दोनशे साठवर
दांडा एकदम हातभर सुटला,
अंधारात पायरी चुकावी तसा.
सेल्वराज नावाच्या पोरानं हात वर केला,
आणि पाणी आलं, कोमट, फसफसतं.
पोट्टे नाचले. दामूनं नारळ फोडला.
मी चाखलं, आणि तोंड फिरवून थुंकलो.

गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं,
दुधावर साय असावी तसं.
कुणी खालून ढवळलं तर सायीचा काय दोष?

मे महिन्यात बाईंच्या विहिरीत
फितीचा दिवा हातभर आधीच लागला.
पाणी वाढलं म्हणून पोटात गोळा आला,
नोकरीत असं पहिल्यांदाच.
मीटरचा आकडा दुप्पट होता.
मी तो दोनदा खोडला, तिसऱ्यांदा तसाच लिहिला.

ऑक्टोबरात गेलो तर बोअरचं तोंड बुजवलेलं,
वर चुलीएवढा दगड.
दामूनं स्वतः बुजवलं म्हणे, चार दिवस माती वाहून,
बोलला मात्र कुणाशीच नाही.
बाईंच्या चुलीवर पातेलं होतं.
आम्ही बसलो. धूर डोळ्यांत जात होता.
कुंपणापलीकडे कुणीतरी खाकरलं,
खाकरून तिथेच उभं राहिलं.

बाईंनी पळीत चार दाणे घेतले,
बोटांत दाबले. एक फुटला. एक फुटला नाही.
तिसरा त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला.
काय लिहू, विचारलं.
"थांब न जरा," त्या म्हणाल्या,
आणि चुलीत आणखी एक पऱ्हाटी सारली.