अर्धा ठोका

आधी झाडू मारायचा.
रात्रभर बार्जमधून उडालेली खनिजाची तांबडी पूड
रिंकवर बसलेली असायची, रव्यासारखी,
कोळशाची बोट लागली असेल तर काळी.
वास्कोत आम्हा दोघांची कारकीर्द
अशी खराट्याने सुरू झाली.
मी नऊ वर्षांची, इनास बार्रेतो बाराचा,
आणि शिट्टी दातांत धरूनच बोलणारे
रेल्वेतून निवृत्त झालेले कुट्टीकर मास्तर.

मास्तर म्हणत, जोडीत दोन माणसं नसतात.
एक वजन असतं, एक शंका असते.
आळीपाळीने वाटून घ्या.

कळलं नाही, पण घेतलं वाटून.
मी उलटी जायचे तेव्हा
मागची भिंत किती जवळ आली
ते इनासच्या भुवयांवरून ओळखायचे.
आई रोज बाकावर बसायची, पिशवी मांडीवर घट्ट,
परक्या मुलाचा हात माझ्या कमरेवर
नेमका कुठे पडतो ते बघायला.
दुसऱ्या वर्षी ती बघेनाशी झाली.
तिसऱ्या वर्षी त्याच्यावरच ओरडू लागली,
अरे, नीट धर की तिला!

पहिल्यांदा त्याने मला डोक्यावर उचललं
आणि मला बंदर दिसलं:
क्रेनची मान, बाहेर ताटकळलेल्या तीन बोटी,
आणि आमचीच गच्ची, तिथे वाळत घातलेला
माझा शाळेचा निळा स्कर्ट.
"भियेनाका," खालून आवाज आला.
मला की स्वतःला, ते मी कधी विचारलं नाही.

आमचा टेपरेकॉर्डर हळू चालायचा.
हे आम्हाला नागपुरात कळलं, राष्ट्रीय स्पर्धेत,
तीन हजार डोळ्यांसमोर.
त्यांच्या यंत्रावर तीच कॅसेट धावत सुटली,
दर गिरकीला आम्ही अर्धा ठोका मागे,
दर उडीला थोडे आणखी,
आणि संगीत संपलं तेव्हा मी अजून हवेत.
त्या शांततेत त्याने मला उतरवलं,
जराही घाई न करता.
चाकांचा तेवढा आवाज. लांब. सिमेंटवरून.

पाच जोड्यांत चौथा नंबर.
मिरजेपर्यंत मास्तर बोलले नाहीत.
मिरजेला चहा घेतला, बशी खाली ठेवली,
म्हणाले, उतरलात मात्र छान.

पुढे पदकंही आली. दोन कांस्य, एक रौप्य.
रौप्यपदकाची रिबन भाचीने बाहुलीला बांधली,
ती बाहुली कुठे गेली माहीत नाही.

सोळाव्या वर्षी मी अडीच इंच वाढले.
यात कुणाची चूक नाही.
मास्तरांनी मला रेशनच्या दुकानातल्या काट्यावर उभं केलं,
तांदळाचं पोतं बाजूला सारून.
बावन्न, एवढंच लिहिलं वहीत, खाली रेघ ओढली.
इनासचा उजवा खांदा तेव्हा कुरकुरू लागला होता.
तो लपवत होता,
आणि मी वरून ऐकत होते, आणि मीही लपवत होते.

मग तो बोटीवर गेला, आमच्याकडचे जातात तसा.
आधी भांडी, मग केबिनी.
मी बंदराच्या इस्पितळात बिलं करते,
खिडकी क्रमांक दोन.

एकोणीस वर्षांनी फोन आला, कुठल्यातरी समुद्रातून.
आमच्या बोटीवर खरा बर्फ आहे, म्हणाला,
हॉलभर, त्यावर रोज खेळ होतो.
प्रवासी झोपले की यंत्र फिरवून तो गुळगुळीत करायचा,
ते काम माझ्याकडे दिलंय.
म्हणजे झाडूच, मी म्हटलं.
झाडूच, तो म्हणाला.

मी विचारलं, तू चढलास का कधी त्यावर?
एकदाच. रात्री तीन वाजता. दुसऱ्याचे बूट घालून.
मग?
पडलो. वळताना मी मागे झुकलो गं,
समोर तुझा भार आहे असं धरून.

काय बोलावं ते सुचेना.
म्हटलं, आता मी अडुसष्ट किलो आहे.
लाइनवर काही नाही, नुसती खरखर.
मग त्याचं हसणं ऐकू आलं,
अर्धा ठोका उशिरा.