उचललेला पाय

आसगावचं हॉटेल बंद करून मालक गेला त्याच्या देशी,
कुत्रीचे कागद काही झाले नाहीत.
भाऊ तिथे आचारी. म्हणाला, आठ दिवस ठेव.
आठ दिवसांना आता सातवं वर्ष लागलंय.

जात ब्रिटनी, फ्रान्सची.
पांढऱ्यावर नारिंगी डाग, धुतल्या पंचावर बोंडूचा रस सांडावा तसे.
शेपूट जन्मजात बोटभर,
त्यामुळे आनंद झाला की मागचा अख्खा भागच हलतो.

नाव मादलेन.
पण कुंपणापलीकडे मादालेन फेर्नांडिस, वय पंच्याहत्तर.
तिसऱ्या दिवशी गडग्यावरून विचारलं तिनं,
'बाय गो, तूं आपयता ती म्हाका काय सुण्याक?'
तेव्हापासून माडू.

तिची उस्तवार म्हणजे अर्धा संसार.
कानांत केसांचे झुपके, पावसाळ्यात आत वाराच पोचत नाही;
दर रविवारी कापूस, थेंब,
आणि माझ्या मांडीवर तिचा सुस्कारा.
बोटांच्या बेचक्यांत गोचीड. चिमटा, रॉकेलची वाटी.
एप्रिलात पोटाखाली कात्री, दुपारी ओलं गोणपाट.
भाताबरोबर बांगडा, काटे मी आधी काढते;
स्वतःच्या ताटातले एवढ्या नीट कधी काढले नव्हते.

आणि पहाटे पाचला तिला धावायचं असतं.
मी साठी ओलांडलेली, गुडघ्याला पट्टा.
करमळीच्या तळ्याच्या बांधावर सोडते तिला.
वाऱ्याला नाक लावून ती नागमोडी जाते
आणि मग थांबते.

थांबते म्हणजे घड्याळ थांबतं तशी.
पुढचा डावा पाय उचललेला, मुडपलेला,
नाकापासून शेपटीच्या बोटापर्यंत एक रेघ.
रेघेच्या टोकाला, लव्हाळ्यात,
इथेच जन्मून मला कधी दिसला नव्हता तो
पाणलावा.
चिखलाच्याच रंगाचा. फक्त डोळा तेवढा चिखलाचा नव्हे.

तिला हे शिकवलं नाही कुणी.
तिच्या पणज्या-खापरपणज्यांनी कुठल्याशा थंड दलदलीत
असाच पाय उचलून बाराची वाट पाहिली असणार.
आमच्याकडे होती एक बंदूक, बाबांची, रानडुकरांसाठी.
कुठल्याशा निवडणुकीला पोलिसांत जमा केली,
परत आणायला कोणी गेलंच नाही.

मग मी टाळी वाजवते.
पाणलावा उडतो, वाकडातिकडा, शिव्या घालत.
काही पडत नाही.
माडू आधी आकाशाकडे बघते, मग माझ्याकडे.
राग नसतो त्या नजरेत.
मामलेदार कचेरीत एकतीस वर्षं मी अशीच बघत होते:
फाईल तयार आहे, साहेब, सही तेवढी.

पहिल्या वर्षी अपराधी वाटायचं.
भाऊ म्हणाला, चेंडू टाक. टाकला.
तिनं तो हुंगला, आणि असं पाहिलं माझ्याकडे
जणू मी खोटी नोट चालवत होते.

हल्ली तिचा उजवा डोळा दुधाळ होतोय.
मधूनच प्लास्टिकच्या पिशवीसमोर पाय उचलते,
मादालेनच्या कोंबड्यांसमोर तर रोज.
कोंबड्यांनाही सवय झालीय, दाणे टिपत राहतात.

आज पहाटे ती अशीच उभी राहिली तळ्याच्या काठाला.
मी रेघ धरून पाहत गेले. लव्हाळं. पाणी. पाण्यावर धुकं.
पुन्हा पाहिलं. काहीच नाही,
किंवा मला तरी नाही.
हात टाळीसाठी वर आले होते, ते तसेच राहिले.
गुडघा ठणकायला लागला, म्हणून भार काढून घेतला
त्या पायावरचा, जरासा.
मागून मालगाडी गेली, डबे मोजायचे राहिले.
दूर पोदेराचा भोंगा वाजला.
पाव संपतील.
संपू देत.