तक्ता क्रमांक चार

सक्करदऱ्याचा बुधवार बाजार,
सकाळी सातलाच दगड तापायला लागलेले.
पार्बताबाई डोंगरवार ओल्या बारदान्यावर
दोन ढीग लावून बसते.
घोळ: जाड, तांबूस देठाची, पान चमच्यासारखं.
चिवळ: मुंग्यांच्या पंगतीसाठी केल्यासारखी,
पेरापेरावर पांढरी लव,
आणि पिवळं फूल चार पानांच्या ताटलीत,
ऊन चढलं की मिटणारं.

मी वही काढली. विचारलं, गुणाला जास्त कोणती?
ती म्हणाली, "कोणाच्या?"

मग भाजी झटकत,
"घोय पोटातली आग काढते, चिवय आंगावरची.
लेकराले घामोया आल्या तं चिवय आंथरावं
अन् निजवावं तिच्यावर. घोयीवर निजवते का कोणी?
चिखल होईल ना बाप्पा."
माझ्या वहीत डोकावली.
"हे बी लिहून राहिली का?"
मी लिहीत होते.

पोथीत या दोघी लोणिका, थोरली नि धाकटी.
थोरलीपुढे 'उष्ण' असं स्पष्ट लिहिलंय.
पार्बताबाई म्हणते थंड.
पिंपळापुरे मॅडम म्हणतात, तुलना म्हणजे तक्ता,
आणि तक्त्यात
'पार्बताबाई म्हणते' असा रकाना नसतो.

म्हणून सेहेचाळीस अंशांच्या नागपुरात,
मे महिन्याचे एकवीस दिवस, कूलरच्या घरघरीत
रेती निघेपर्यंत सात पाण्यांनी धुतलं,
वाळवलं, कुटलं, गाळलं, मोजलं.
आम्ल, क्षार, बुळबुळ, ऑक्झलेट.
पहाटे तोडलेली घोळ जिभेला चावते.
तीच, त्याच वाफ्यातली, दुपारी चारला
पाणचट, जवळजवळ गोड.
मग मी कुणाची कुणाशी तुलना करतेय?
घोळीची चिवळीशी,
की सकाळची दुपारशी?

घरी बाबा.
दोनदा मुतखडा काढलाय, एकदा मेडिकलला,
एकदा धंतोलीत, चौपट खर्चाने.
तेव्हापासून चिवळ बंद, घोळ बंद, पालकही.
आई बेसन पेरून, लसणाची फोडणी देऊन
आमच्यापुरती चिवळ करते
तेव्हा ते गच्चीवर जाऊन झाडांना पाणी घालतात.
कुंड्या दोनच आहेत.

त्या रात्री तक्ता क्रमांक चार त्यांच्या हातात.
निवृत्त पोस्टमास्तर, बोट ठेवून वाचायची सवय.
बोट आडवं सरकत सरकत
ऑक्झलेटच्या रकान्यावर थांबलं.
"यातली कमी कोणती?"
मी सांगितलं, दोघींतला फरक
माझ्या काट्याच्या चुकीपेक्षा लहान आहे.
"म्हणजे सारख्याच?"
म्हणजे सांगता येत नाही.
"डोळे बांधून वाढ मला, मी सांगतो," ते म्हणाले,
"चिवळ दाताखाली करकरते. घोळ नुसती घसरते."
आणि कागदाची घडी घालून परत दिला,
चुकीच्या पत्त्यावर आलेलं टपाल द्यावं तसा.

विभागात, तेरा दिवसांपूर्वी
टिपकागदांत दाबून, पट्टे आवळून ठेवलेले नमुने
आज उघडले.
संग्रहासाठी मेलेले आणि सपाट लागतात.
घोळ अजून ओली. बोंडांच्या टोप्या उडालेल्या,
कागदभर काळ्या बियांचा सडा.
आणि चिवळीने त्या अंधारात, लाकडाखाली
एक नवं पान काढलेलं,
मोहरीएवढं, फिकं, वाकडं.

मॅडमना दाखवलं.
त्या चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिल्या.
मग म्हणाल्या, असल्या रसदार भाज्या
उकळत्या पाण्यात बुडवून दाबायच्या असतात,
पद्धतीत लिहिलंय ते.

मी पाणी ठेवलं. उकळेपर्यंत लेबल लिहिलं:
स्थळ, तारीख, गोळा करणारी.
'स्थानिक उपयोग' याला जागा अर्धीच ओळ.
बारीक अक्षरात
घामोळ्यांचं बाळ तेवढं मावलं,
करकर मावली नाही.