एक, दोन, पाच

लिफ्टच्या दारावर पाटी:
दुरुस्तीसाठी बंद. गैरसोयीबद्दल क्षमस्व. हुकमावरून.
हुकूम कोणाचा, ते विचारू नये.
कन्नमवार नगरात आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो
आणि आमच्या घरात हुकूम एकाच व्यक्तीचा चालतो.
उंची शहाऐंशी सेंटिमीटर.

माझ्या एका हातात पिशवी: फ्लॉवर, दही, सहा अंडी.
दुसरा हात तिच्यासाठी मोकळा ठेवलेला.
तो तिनं बाजूला सारला.
"मी मी."
म्हणजे माझी मी, मध्ये पडू नका.

एक, म्हणाली. पाय ठेवला.
दोन. दुसरा पाय, त्याच पायरीवर.
पाच.
अगं ठकू, मी बँकेत कॅशियर आहे,
नोटा मोजून मोजून अंगठ्याच्या रेषा गेल्या माझ्या.
तीन आणि चार कुठे गेले?
तिनं माझ्याकडे पाहिलं,
संध्याकाळी हिशेब जुळला नाही की
आमचे मॅनेजर बघतात तसं.
पाच, पाच, अकरा, पाच.

पहिल्या मजल्यावर गालाकाकांच्या दाराशी चपलांचा स्टँड.
तिनं त्यांचा काळा बूट काढला, आणि घातला.
उजव्या पायाचा, डाव्या पायात, गुडघ्यापर्यंत.
दार उघडलं. गालाकाकांनी बूट पाहिला, मग मला पाहिलं.
"बराबर माप आहे," म्हणाले.
बूट सोडवायला त्यांचं एक मारी बिस्किट गेलं.

दुसऱ्या मजल्यावर एक मुंगी होती.
मुंगीबद्दल मी फार बोलणार नाही.
पंधरा मिनिटं.
मुंगीनं आपल्याला टाटा करावा अशी हिची इच्छा
आणि मुंगीला घाई.
तेवढ्यात पोंक्षे आजी खाली गेल्या,
कढीपत्ता घेतला, त्याच्या भावावरून भांडल्या,
आणि वर आल्यासुद्धा.
दोन्ही गुडघे बदललेले आहेत त्यांचे.
"अजून इथेच?" म्हणाल्या.
दही पाझरायला लागलं होतं.

तिसऱ्या मजल्यावर तिनं जाहीर केलं: शू.
मी तिला उचललं, पिशवीसकट धावलो,
अंडी... जाऊ दे.
किल्ली पिशवीच्या तळाशी, दह्याच्याही खाली.
ती सापडली, कुलपात गेली, फिरली.
"झाली," ठकू म्हणाली,
कामगिरी फत्ते झाल्याच्या आवाजात.
मी खाली पाहिलं.
तिनं टाळ्या वाजवल्या.
काय करणार, मीही वाजवल्या.
दारातल्या त्या तळ्याला तिनं टाटा केला.
तळ्यानं केला असावा, कारण ती लगेच आत आली.

रात्री अकराला शलाका म्हणाली,
"हिची एकच चप्पल आहे. दुसरी?"
ठकू पलंगावर आडवी, पाय माझ्या उशीवर,
बिछान्याचा तीन चतुर्थांश भाग तिच्या ताब्यात.
मी उतरलो.
गालाकाकांच्या स्टँडवर, त्या काळ्या बुटाच्या आत
नीट बसवलेली होती ती,
सशाचा एक कान निघालेली, माझ्या पंजात मावेल एवढी.
म्हणजे बुटाच्या बदल्यात
रीतसर तारण ठेवलं होतं तिनं.

जिन्यात कोणी नव्हतं.
वर चढताना तोंडातून निघालं:
एक, दोन, पाच.
मग लक्षात आलं,
या मोजणीत चौथा मजला येतच नाही.
तरी रोज घरी पोचतो आम्ही.
दुसऱ्या मजल्यावर थांबलो,
चप्पल खिशात घातली, वाकून पाहिलं.

"एवढा वेळ?" शलाकानं दार उघडत विचारलं.
"मुंगी होती," मी म्हणालो.