मागची बाजू

हर्णै बंदरात एकवीस वर्षं मी मासळीचा लिलाव पुकारतो.
भाव म्हणजे काय, हे मला कुणी शिकवू नये.
तरी गेला सगळा रमजान, सहरीपर्यंत,
मी मोबाइलवर एकेक पत्ता धुंडाळत होतो:
बेसबॉलचे पत्ते, बावन्न सालचे, छप्पन्नचे, साठचे.

अब्बा जहाजावर तेलवाले होते.
बाल्टिमोरच्या गोदीत संप लागला, अकरा दिवस बोट हलेना,
तेव्हा तिथल्या एका म्हाताऱ्या चौकीदारानं
सुक्या बोंबलाच्या जुडीवर
हा बिस्किटाचा डबा दिला.
बोंबील त्यानं खाल्ले की मांजरांना घातले,
अब्बांना शेवटपर्यंत कळलं नाही.

त्रेचाळीस पत्ते.
खेळ कसला ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.
अम्मी म्हणायची, मुसळं घेऊन उभे आहेत मेले,
भात कुठाय?

तरन्नुम, माझी मुलगी, दापोलीला कॉमर्सला आहे.
तिनं पहिल्याच रात्री झापलं:
"लोक काय मागतायत ते बघू नका, पप्पा.
काय लागलं ते बघा."
हेच मी रोज वाळूवर ओरडतो,
आणि मलाच विसर पडला.
मागायला काय, कुणी दर्यासुद्धा मागेल.

मग लागलेले भाव बघितले.
आमच्या डब्यातलाच एक, तोच टोपीवाला, मागे तेच पिवळं आभाळ,
सहा सिलिंडरच्या इंजिनाच्या किमतीला गेला होता.
आणि परत तोच, फक्त कोपरे झिजलेला,
दोन टोपल्या बांगड्याच्या.

म्हणजे सगळं कोपऱ्यात आहे.
भिंग घेतलं, कल्ला उचलून बघावा
तसा एकेक कोपरा बघितला.
आमच्या हवेत दाराची बिजागरी टिकत नाही,
पुठ्ठ्यानं काय करावं?
दोन पत्ते तर एकमेकांना चिकटून एकच झालेत.
तसल्यांचा भाव कुठेच लागलेला नाही.

रत्नागिरीत मारुती आळीत हेगिष्टे बसतात,
जुनी नाणी, तिकिटं घेतात.
त्यांनी हातमोजे चढवले, पत्ता उलटा केला
आणि गप्प झाले.

मागे अब्बांचं अक्षर.
शाईपेन्सिल, तिसरी पास मराठी:
'आडेचा लतीफ तांडेल. नाक बघा.'
'पाजपंढरीचा धाकू, हसला की.'
'मामू. उधारी मागायला आला तेव्हाचा.'
'हा मीच, दाढी केली तर.'

"लिहिलंय," हेगिष्टे म्हणाले,
आम्ही म्हणतो ना, "नरम पडलाय," तसं.
"दहापैकी एक. फार तर दीड."

बेचाळीस लिहिलेले.
एक कोरा.
लांब मानेचा, कान बाहेर आलेले,
चौकटीबाहेर कुठेतरी बघणारा.
त्याच्यासारखा माणूस अब्बांना
केळशीपासून जयगडपर्यंत सापडला नसावा.
का सापडला, आणि लिहावंसं वाटलं नाही?

हेगिष्ट्यांनी त्याचे साडेअकरा हजार सांगितले.
मी चौदा पुकारले. तेरावर तुटलं.
आपल्यातला नव्हताच कुणी. दिला.

तरन्नुमची फी भरली, थोडे छपराच्या पत्र्याला गेले.
बाकीचे बेचाळीस डब्यात आहेत,
वर मिठाची नाही, तांदळाची पुरचुंडी,
ओल ओढून घ्यायला.

पण आता संध्याकाळी होड्या लागतात,
बैलगाड्या पोटभर पाण्यात शिरतात,
मी भाव चढवत असतो
आणि डोळा गर्दीत फिरत राहतो:
लांब मान, बाहेर आलेले कान.
काल खलाशांत एक नेपाळी पोरगा होता,
कान तसेच, मान नाही.
बघत राहिलो,
आणि सरंग्याची टोपली
कुणाच्या नावावर तुटली
ते मलाच विचारावं लागलं.