साडेसात

ट्रिसिलच्या बसथांब्यामागे तळघरातलं दुकान,
वितळल्या मेणाचा वास.
सिन्नेव्हा म्हणते, अकरावर लाव,
रेलवरून उतरताना मधेच सुटले तर?

ओडवार वजन विचारतो.
ती चार किलो चढवून सांगते.
तो बुटाचा तळ मोजतो, मान न उचलता,
आणि स्कीच्या ऐन मध्यावर पेन्सिल टेकवतो:
उलटं उतरणाऱ्यांना
शेंडा काय नि शेपूट काय.

ड्रिलचा भुगा त्याच्या गुडघ्यावर पडतो,
त्याच, न वाकणाऱ्या.
त्याच्या वेळी बाइंडिंग सुटत नसत.
हे तो बोलत नाही.
स्क्रू फिरवतो. साडेसात.

बसमध्ये ती खिशातलं नाणं काढते,
खाचेत बसवते.
तीन वाजताच मावळलेला दिवस, काचेवर बर्फ.
तिचा थांबा येतो.
नाणं अजून खाचेतच,
फिरवलेलं नाही.